दिवाळीच्या सुट्टीत साडेचार वर्षांच्या मुलाला मुंबई दाखवताना

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण, आपले यजमान, सासूबाई आणि साडेचार वर्षांचा मुलगा असे चौघे भाऊबीज झाल्यावर सांगलीहून महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबईला येणार आहात. हाताशी तीन दिवस आहेत आणि उतरण्याचा बेत डोंबिवलीला यजमानांच्या आत्याकडे आहे. पाहायच्या यादीत गेटवे, घारापुरी, राणीची बाग, वस्तुसंग्रहालय, मत्स्यालय, तारांगण, सिद्धिविनायक, महालक्ष्मी, हाजी अली, हँगिंग गार्डन, जुहू चौपाटी आणि एखादा मोठा मॉल आहे. हे सगळे जमेल का, लहान मुलाला लोकलमध्ये नेणे सुरक्षित आहे का, खाण्यापिण्याचे काय करावे आणि गर्दीत मूल चुकले तर काय करावे, असे आपण विचारले आहे. बाहेरगावाहून येणाऱ्या कुटुंबांना मुंबई दाखवण्याचे काम मी बरीच वर्षे करते, त्या आधाराने उत्तर देते.

ही यादी तीन दिवसांत जमणार नाही. मुलगा बरोबर नसता तर कदाचित जमली असती, पण साडेचार वर्षांच्या मुलाच्या दिवसात बाहेर हिंडण्याजोगे दोनच तुकडे असतात. एक सकाळी न्याहारी झाल्यापासून साधारण बारापर्यंतचा आणि दुसरा दुपारची झोप झाल्यानंतर साडेचार-पाचपासून सातपर्यंतचा. तीन दिवसांत असे सहा तुकडे आपल्याला मिळतात. त्यातला पहिला रात्रीच्या प्रवासाच्या शिणवट्यात आणि शेवटचा परतीच्या गाडीच्या गडबडीत निम्मा जातो. म्हणून सकाळी एकच मोठे ठिकाण, दुपारी मुक्कामी परतून जेवण आणि झोप, संध्याकाळी मोकळी जागा, एवढाच आराखडा मी लहान मुलांच्या कुटुंबांना देते. दुपारची झोप बुडवून आणखी एक ठिकाण साधण्याचा मोह सर्वांना होतो, पण त्याची किंमत संध्याकाळी भर रस्त्यात चुकवावी लागते.

दुसरी गोष्ट यादी छाटताना उपयोगी पडेल. मोठ्यांच्या लेखी ठिकाण महत्त्वाचे असते आणि तिथपर्यंतचा प्रवास ही वाया गेलेली वेळ असते. मुलाच्या लेखी बहुतेकदा याच्या उलट असते. सांगलीत राहणाऱ्या मुलाला लोकल, जमिनीखालची मेट्रो, दुमजली बस, लाँच आणि सरकता जिना हीच मुंबई वाटते, आणि घरी गेल्यावर तो मित्रांना सांगतो ते बहुधा यांच्याविषयीच असते. त्यामुळे प्रवासाची साधने पाहायच्या गोष्टींतच धरावीत आणि त्यांना घाई न करता वेळ द्यावा. असे केले की ठिकाणांची संख्या आपोआप कमी होते आणि तसे करताना काही गमावल्यासारखेही वाटत नाही.

आता मुक्कामाविषयी, कारण सहलीचे यशापयश माझ्या मते इथेच ठरते. डोंबिवलीहून सीएसएमटीला जलद लोकलनेसुद्धा तासाच्या वर लागतो. सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान त्या गाड्यांत मोठ्या माणसाला नीट उभे राहणेही कठीण असते, मग मुलाला कडेवर घेऊन उभे राहण्याची गोष्टच सोडा. भाऊबीज संपली की कार्यालये पुन्हा सुरू होतात आणि सकाळची गर्दी पूर्वपदावर येते. शिवाय दुपारी मुलाला झोपवायला डोंबिवलीला परत जाणे शक्यच नसते, म्हणजे वर सांगितलेला आराखडाच कोसळतो. त्याऐवजी फोर्ट, सीएसएमटी किंवा चर्चगेटच्या परिसरात दोन रात्रींसाठी साधी, स्वच्छ खोली घ्यावी. ती महाग पडेल हे खरे आहे, पण टॅक्सीचा खर्च, वेळ आणि त्रागा वाचतो हे हिशेबात धरावे. खोली घेताना दोन गोष्टी फोनवरच विचारून घ्याव्यात. पहिली म्हणजे लिफ्ट आहे का, कारण या भागातल्या जुन्या इमारतींतली अनेक छोटी हॉटेले वरच्या मजल्यांवर आहेत आणि सासूबाईंच्या गुडघ्यांचा प्रश्न आहे. दुसरी म्हणजे सकाळी लवकर खोली मिळेल का, कारण आपली गाडी सकाळीच पोहोचते आणि बहुतेक ठिकाणी खोली दुपारी बाराच्या सुमारास देतात. अर्ध्या दिवसाचे जास्तीचे पैसे मागितले तरी ते द्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. आत्याबाईंना वाईट वाटू नये म्हणून सहल एक दिवस वाढवून सुरुवातीला किंवा शेवटी त्यांच्याकडे मुक्काम करता आला तर उत्तम, नाहीतर त्यांनाच एका संध्याकाळी चौपाटीवर बोलवावे. नातेवाईक भेटणे आणि शहर पाहणे ही दोन्ही कामे एकाच दिवसात कोंबली की दोन्ही अर्धवट राहतात.

सीएसएमटीजवळ राहण्याचा खरा फायदा लोकलमुळे कळतो. सकाळची गर्दी उपनगरांतून दक्षिणेकडे येणारी असते, तर सीएसएमटीहून बाहेर जाणारी धीमी गाडी त्याच वेळी बरीच मोकळी असते. संध्याकाळी हे चित्र उलटे होते. म्हणून आपण सकाळी सीएसएमटीवर रिकामी उभी असलेली धीमी लोकल धरून तिसऱ्या स्थानकावर, म्हणजे मशीद आणि सँडहर्स्ट रोडनंतर भायखळ्याला उतरलात, तर दहा-बारा मिनिटांचा प्रवास खिडकीजवळ बसून होतो. राणीची बाग तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मुलाला लोकलमध्ये नेणे सुरक्षित आहे का, या प्रश्नाचे माझे उत्तर असे की वेळ, दिशा आणि सुरुवातीचे स्थानक नीट निवडले तर आहे, आणि दादरला संध्याकाळी सहा वाजता चढायचे असेल तर अजिबात नाही. रविवार मध्ये येत असेल तर आदल्या दिवशी मेगाब्लॉकची सूचना पाहून घ्यावी. देखभालीसाठी साधारण सकाळी अकरा ते दुपारी चारच्या दरम्यान काही मार्गांवर गाड्या रद्द असतात किंवा दुसऱ्या रुळांवरून वळवलेल्या असतात, आणि मग उरलेल्या गाड्यांत सुट्टीची सारी गर्दी एकवटते.

चढण्या-उतरण्याची पद्धत निघण्यापूर्वीच ठरवून घ्यावी. लोकल मधल्या स्थानकांवर जेमतेम अर्धा मिनिट थांबते. एका मोठ्या माणसाने आधी चढावे, मग मुलाला आत घ्यावे आणि दुसऱ्या मोठ्या माणसाने शेवटी चढावे, उतरतानाही हाच क्रम ठेवावा. मूल चालत असले तरी दारापाशी त्याला उचलूनच घ्यावे, कारण फलाट आणि डबा यांच्यातली फट बऱ्याच ठिकाणी त्याच्या पायाला पुरेल एवढी असते. महिलांच्या डब्यात लहान मुलगा आईबरोबर जाऊ शकतो, पण वडिलांना तिथे जाता येत नाही, म्हणून चौघे एकत्र असताना सामान्य किंवा प्रथम वर्गाचा डबाच धरावा. डिसेंबर २०१७ पासून सुरू झालेल्या वातानुकूलित लोकलची दारे आपोआप बंद होतात. मुलासह जरा लांब जायचे असेल तर तिचे वेगळे तिकीट काढणे शहाणपणाचे आहे. गर्दीत एकजण गाडीत राहिला आणि बाकीचे फलाटावर राहिले, तर गाडीतल्याने पुढच्या स्थानकावर उतरून तिथेच थांबायचे आणि फलाटावरच्यांनी मागच्या गाडीने तिथे यायचे, हा नियम सासूबाईंनाही सांगून ठेवावा. धावत्या गाडीत उडी मारून चढण्याचे किंवा उतरण्याचे कारणच मग राहत नाही.

बाबागाडी आणू नका, हेही इथेच सांगते. दक्षिण मुंबईतले पदपथ अधूनमधून खणलेले, फेरीवाल्यांनी व्यापलेले किंवा हातभर उंचीचे असतात आणि पादचारी पुलांना जिने असतात, त्यामुळे शेवटी गाडीही आपल्यालाच उचलावी लागते. साडेचार वर्षांचे मूल थकले की कडेवर येणारच, तेव्हा कंबरेला आधार देणारा पट्टा किंवा पाठीवर घ्यायची झोळी असेल तर ती आणावी. टॅक्सी लागेल तेव्हा मुलाला मागच्या आसनावर बसवावे आणि पुढे चालकाशेजारी मांडीवर घेऊ नये. रिक्षा वांद्रे आणि शीवच्या दक्षिणेला चालत नाहीत, हे सांगलीहून येणाऱ्यांच्या अनेकदा लक्षात नसते.

पहिल्या दिवशी सकाळी खोलीवर अंघोळ, न्याहारी आणि पुन्हा एक झोप झाली की घाई न करता बाहेर पडावे. आपण ज्या स्थानकावर उतरलात तीच पाहण्याची पहिली वस्तू आहे. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी आखलेली ही इमारत १८७८ ते १८८८ या काळात उभी राहिली आणि २००४ मध्ये तिला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. मुलाला यातले काहीच सांगायची गरज नाही. समोर महापालिकेच्या इमारतीच्या बाजूने उभे राहावे आणि त्याला दगडातले प्राणी शोधायला सांगावे. फाटकाच्या दोन खांबांवर एकीकडे सिंह आणि एकीकडे वाघ बसलेला आहे, आणि भिंतींवर मोर, माकडे आणि इतर अनेक जीव कोरलेले आहेत. मूल या खेळात सहज वीस मिनिटे रमते आणि तोवर मोठ्यांना इमारत नीट पाहून घेता येते.

त्याच दिवशी ऊन उतरल्यावर दुमजली बस धरावी. जुन्या लाल डिझेलच्या दुमजली बस सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाल्या, पण त्याच वर्षी फेब्रुवारीपासून विजेवर चालणाऱ्या वातानुकूलित दुमजली बस आल्या आहेत आणि सीएसएमटीच्या परिसरातून त्या मिळतात. वरच्या मजल्यावरचे सर्वांत पुढचे आसन मिळेपर्यंत एखादी बस सोडावी लागली तरी सोडावी. तिथून गेटवेला जावे. १९२४ मध्ये पूर्ण झालेली ही कमान मुलाला पाच मिनिटे पुरते, खरे आकर्षण असते ते लाँचचे. बंदरात साधारण अर्धा तास फिरवून परत आणणारी फेरी या वयाला नेमकी पुरेशी आहे. डिसेंबर २०२४ मध्ये घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला भीषण अपघात झाला, तेव्हापासून लाइफ जॅकेटच्या नियमाकडे अधिक लक्ष दिले जाते. तरी मुलाच्या मापाचे जॅकेट आहे का, हे तिकीट काढण्याआधीच विचारावे आणि नसेल तर दुसरी लाँच पाहावी. मोठ्या माणसाचे जॅकेट लहान मुलाच्या अंगातून वर निसटते, त्यामुळे ते घातले काय आणि न घातले काय सारखेच. आपल्या लहानपणी गेटवेला कबुतरांना दाणे टाकणे हा कार्यक्रम असायचा. कबुतरांच्या विष्ठेमुळे होणाऱ्या श्वसनाच्या विकारांचा प्रश्न २०२५ मध्ये उच्च न्यायालयात पोहोचला आणि शहरातले कबुतरखाने बंद करण्यात आले, तेव्हा तो बेत मुलाला आधी कबूल करू नये.

दुसऱ्या दिवसाची सकाळ राणीच्या बागेला द्यावी, आणि तीन दिवसांत एकच ठिकाण पाहता आले असते तरी मी हेच सुचवले असते. वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान हे तिचे अधिकृत नाव आहे आणि ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लोकांसाठी खुली आहे. फाटक सकाळी साडेनऊला उघडते. सुट्टीच्या दिवसांत साडेदहा-अकरानंतर तिकिटाच्या रांगा आणि आतली गर्दी दोन्ही वेगाने वाढतात, म्हणून उघडण्याच्या वेळीच पोहोचण्याला फार महत्त्व आहे. बाग बुधवारी बंद असते. मात्र बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर महापालिका ती त्या दिवशी खुली ठेवते आणि गुरुवारी बंद ठेवते. दिवाळीच्या आठवड्यात नेमका हाच घोळ होतो, तेव्हा तारखा ताडून पाहाव्यात.

आत गेल्यावर आधी पेंग्विन पाहावेत. हे हम्बोल्ट जातीचे पेंग्विन २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून आणले आणि मार्च २०१७ पासून लोकांना पाहायला मिळू लागले. ही जात पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरची आहे, म्हणून त्यांचे दालन बर्फाळ नसते, तरी ते सोळा ते अठरा अंश इतके थंड ठेवलेले असते. घामाने भिजलेल्या मुलाच्या अंगात पातळ शर्ट असेल तर जाताना एक सदरा वर घालावा. गर्दी वाढली की रक्षक लोकांना पुढे सरकवत राहतात. सकाळी लवकर गेल्यास काचेपाशी निवांत उभे राहता येते. त्यानंतर वाघ, अस्वल आणि पक्ष्यांचा मोठा पिंजरा, एवढे झाले की परत फिरावे. सगळे पिंजरे पाहून झालेच पाहिजेत असा हट्ट मुलाचा नसतो, आपलाच असतो. बागेच्या आवारातच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे आणि त्याच्याबाहेर घारापुरी बेटावरून आणलेला दगडी हत्ती उभा आहे. इंग्रजीत बेटाला एलिफंटा हे नाव ज्याच्यामुळे पडले तोच हा हत्ती, तेव्हा घारापुरी यादीतून वगळताना मनाला एवढे समाधान करून घ्यायला हरकत नाही. ज्यांना झाडांची आवड आहे त्यांनी जाता-येता गोरखचिंच पाहून घ्यावी. मुंबईकर इथे जनावरे पाहायला येतात, पण शहरातल्या जुन्या, दुर्मीळ झाडांचा इतका मोठा संग्रह दुसरीकडे नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र किंवा काळा घोड्याजवळचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, या दोहोंपैकी एकच निवडावे. आपल्या मुलाच्या वयाचा विचार केला तर माझा कौल विज्ञान केंद्राला आहे. १९८५ पासून सुरू असलेल्या या केंद्रात वस्तूंना हात लावता येतो, कळ दाबता येते, चाक फिरवता येते. बाहेरच्या मोकळ्या विज्ञान उद्यानात तर वाफेचे इंजिन, ट्राम आणि विमानही आहे. मुंबईतल्या ट्राम १९६४ मध्ये बंद झाल्या, सासूबाईंनी त्या पाहिल्या असतील तर नातवाला सांगण्यासारखे त्यांच्याकडे काही असेल. तिथे जाण्यासाठी सीएसएमटीहून भुयारी मेट्रो घ्यावी. ऑक्टोबर २०२५ मध्ये ही तिसरी मार्गिका आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली आणि तिच्यावर विज्ञान केंद्राच्या नावाचेच स्थानक आहे. स्थानकांत लिफ्ट आणि सरकते जिने असल्यामुळे गुडघे दुखणाऱ्या माणसाला लोकलपेक्षा ही मेट्रो कितीतरी सोयीची आहे. पाऊस किंवा धुरके असेल तर मात्र वस्तुसंग्रहालय बरे. तिथल्या आवारात २०१९ मध्ये मुलांसाठी वेगळे संग्रहालय उभारले आहे आणि प्राण्यांचे दालनही या वयाला आवडते. तारांगणाचा बेत मी दोन-तीन वर्षांनी करा असे सांगेन, कारण पूर्ण अंधारात, मोठ्या आवाजात, एका जागी बसून राहणे साडेचार वर्षांच्या मुलाला जमेलच असे नाही आणि मध्येच बाहेर पडणे इतरांना त्रासाचे होते.

यादीतले बाकीचे थोडक्यात उरकते. घारापुरीला लाँचने जायला तास, यायला तास, मध्ये सव्वाशेच्या आसपास पायऱ्या आणि माथ्यावर ऊन. त्या लेण्यांची भव्यता मुलाला आज कळणार नाही आणि सासूबाईंना चढण सोसणार नाही. मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ पासून मुंबईच्या प्रत्येक सहलीत असायचे, पण कोविडच्या काळापासून ते बंद आहे, तेव्हा जुन्या माहितीवर विसंबून तिकडे जाऊ नये. हँगिंग गार्डन आणि त्यासमोरचा म्हातारीचा बूट हे एका संध्याकाळचे चांगले ठिकाण आहे. जवळच मार्च २०२५ मध्ये झाडांमधून जाणारी उंच लाकडी पायवाट खुली झाली आहे, पण तिच्यासाठी वेळेची आगाऊ ऑनलाइन नोंदणी लागते. जुहू या मुक्कामापासून लांब आहे आणि वाळूच हवी असेल तर गिरगाव चौपाटी जवळ आहे. मॉल सांगलीच्या माणसाने मुंबईत येऊन का पाहावा, हे मला आजवर उमगलेले नाही.

देवदर्शन सासूबाईंच्या मनात असणार, ते टाळू नये, फक्त मुलाला त्यात ओढू नये. सकाळी लवकर यजमानांनी सासूबाईंना मेट्रोने सिद्धिविनायकाला न्यावे, त्या नावाचे स्थानकही याच मार्गिकेवर आहे, आणि आपण मुलाबरोबर निवांत न्याहारी करावी. मंगळवार मात्र वगळावा. सगळ्यांनी सगळीकडे एकत्रच गेले पाहिजे, ही सवय कुटुंबांनी एखाद्या सकाळपुरती बाजूला ठेवली तर दोन्ही पिढ्यांचे बरे चालते.

संध्याकाळी गिरगाव चौपाटीवर दोन रिकामे डबे आणि एक चमचा घेऊन जावे, मूल वाळूत तासभर खेळते आणि मोठ्यांना सूर्यास्त मिळतो. मुलाला पाण्यात उतरवू नये. भेळ मोठ्यांनी जरूर खावी, मुलाला मात्र बर्फाचा गोळा आणि चटणीचे पाणी देऊ नये. एकंदरीत मुलाच्या जेवणाची वेळ पाळणे हे पदार्थ निवडण्यापेक्षा महत्त्वाचे आहे. फोर्टमधल्या कुठल्याही उडुपी हॉटेलात इडली आणि दहीभात मिळतो, दादरला गेलात तर आस्वाद किंवा प्रकाश इथे मराठी पदार्थ मिळतील. दिवाळीत काही छोटी उपाहारगृहे दोन-चार दिवस बंद असतात, म्हणून फराळाचा डबा जवळ ठेवावा. फक्त चकली-चिवड्याने तहान वाढते, तेव्हा पाणीही त्या प्रमाणात लागते.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात मुंबईत पारा कधी कधी ३४-३५ अंशांवर जातो आणि हवेतल्या दमटपणामुळे घाम वाळत नाही. सांगलीच्या कोरड्या हवेची सवय असलेले मूल इथे लवकर मलूल होते. औषधाच्या दुकानातून जलसंजीवनीची पुडी आणावी आणि तिच्यावर लिहिलेल्या मापाने, मोठी पुडी असेल तर पूर्ण एक लिटर पाण्यात विरघळवून, थोडे थोडे पाजावे. तयार गोड पेये ही तिची जागा घेऊ शकत नाहीत. फटाक्यांचा धूर भाऊबीजेनंतरही काही दिवस हवेत राहतो. मुलाला बाळदम्याचा त्रास असेल तर नेहमीचा पंप आणि त्याची नळी हातातल्या पिशवीत असावी, मोठ्या बॅगेत नको, आणि धुरके दाट असलेल्या सकाळी बागेऐवजी संग्रहालयाकडे वळावे.

मूल चुकण्याविषयी आपण विचारले आहे. रोज सकाळी निघताना त्या दिवशीच्या कपड्यांत त्याचा एक फोटो काढावा. वर्णन करताना घाबरलेल्या माणसाला मुलाच्या शर्टाचा रंग आठवत नाही. हाताच्या आतल्या बाजूला बॉलपेनने दोन फोन क्रमांक लिहावेत, नाव मात्र शर्टावर दिसेल असे लिहू नये. मुलाला आईचे पूर्ण नाव आणि आपले गाव पाठ असावे, कारण या वयाची बरीच मुले आईचे नाव विचारले की ‘आई’ एवढेच सांगतात. हरवल्यास चालत सुटायचे नाही, आहे तिथेच थांबून मोठ्याने आईचे नाव घ्यायचे, आणि मदत मागायची तर गणवेशातल्या पोलिसाकडे किंवा मुले बरोबर असलेल्या एखाद्या बाईकडे, हे त्याला घरी खेळता खेळता शिकवावे. मोठ्यांपैकी एकाने शेवटच्या जागी थांबावे आणि एकाने शोधावे. रेल्वेच्या हद्दीत १३९, एरवी पोलिसांसाठी ११२ आणि मुलांच्या मदतीसाठी १०९८ हे क्रमांक फोनमध्ये आधीच नोंदवून ठेवावेत, आणि दहा मिनिटे स्वतः शोधून मग पोलिसांना सांगू असा विचार करू नये.

राहता राहिला परतीचा दिवस. दुपारी खोली सोडावी लागली तर सामान सीएसएमटीच्या क्लोक रूममध्ये ठेवता येते, त्यासाठी रेल्वेचे तिकीट लागते आणि बॅगांना कुलूप असावे लागते. दिवाळीनंतरच्या आठवड्यात छटपूजेसाठी उत्तर भारतात जाणाऱ्यांची मोठी गर्दी टर्मिनसांवर असते. २७ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे वांद्रे टर्मिनसवर गोरखपूरच्या अनारक्षित गाडीत चढताना चेंगराचेंगरी होऊन प्रवासी जखमी झाले होते, हे ध्यानात ठेवावे. महालक्ष्मी एक्सप्रेस सीएसएमटीहूनच सुटते, म्हणून आपण तिथेच चढावे. दादरला ती काही मिनिटेच थांबते आणि संध्याकाळच्या लोकलची गर्दी त्याच पुलांवरून वाहत असते. पाच वर्षांखालील मुलाला वेगळा बर्थ नको असेल तर तिकीट लागत नाही, वेगळा बर्थ घेतल्यास पूर्ण भाडे पडते. साडेचार वर्षांचे मूल आणि एक मोठे माणूस एका बर्थवर रात्रभर नीट झोपत नाहीत, म्हणून निदान येतानाच्या गाडीला तरी त्याचा बर्थ काढावा, कारण पहिल्या दिवसाचे सगळे त्या झोपेवर अवलंबून आहे. आरक्षण ६० दिवस आधी उघडते आणि दिवाळीच्या तारखांचे पाहता पाहता भरते, तेव्हा बाकीचे बेत नंतर ठरवले तरी चालतील, तिकिटे मात्र आधी काढावीत.